दातांवरच्या पोर्सेलिन व्हिनिअरची निगा: बसवल्याच्या दिवसापासून बदलायच्या वेळेपर्यंत

दादरच्या एका डेंटल लॅबमध्ये मी गेली एकोणीस वर्षं पोर्सेलिनचं काम करते. डॉक्टर दाताचं माप पाठवतात, सोबत शेडचा, म्हणजे दाताच्या रंगछटेचा, फोटो आणि चिठ्ठी असते. त्यावरून आम्ही व्हिनिअर, म्हणजे दाताच्या पुढच्या बाजूवर चिकटवायचा पोर्सेलिनचा पातळ पापुद्रा, बनवतो, भट्टीत ९०० अंशांच्या आसपास भाजतो, ग्लेझ म्हणजे वरचा चकचकीत थर चढवून डबीत घालून परत पाठवतो. ज्याच्या दातावर ते बसणार त्याचं तोंड आम्हाला क्वचितच दिसतं. दिसतात ते काही वर्षांनी परत आलेले तुकडे. निघालेले, टवका उडालेले, कधी दोन भाग झालेले.

या तुकड्यांनी मला एक गोष्ट शिकवली आणि हा सगळा लेख त्याच गोष्टीवर उभा आहे. दहा-बारा वर्षांचं व्हिनिअर परत येतं तेव्हा त्याचा पुढचा भाग बहुधा नव्यासारखा असतो. चहाने पिवळा पडलेला नसतो, हळदीने रंगलेला नसतो. खराब झालेली असते ती कड, म्हणजे पोर्सेलिन संपून खरा दात सुरू होतो ती केसाएवढी रेघ. आम्ही तिला मार्जिन म्हणतो. डाग तिथे धरतो, कीड तिथून आत शिरते, हिरडी तिथेच सुजते. म्हणून व्हिनिअर सांभाळायचं म्हणजे ही कड सांभाळायची. लोक आरशात चकाकी बघतात आणि चकाकी टिकून आहे म्हणून निर्धास्त राहतात.

व्हिनिअर किती पातळ असतं याची कल्पना बहुतेकांना नसते. साधारण ०.३ ते ०.७ मिलिमीटर, म्हणजे आपल्या नखाच्या जाडीचं. बोटाच्या टोकावर ठेवून ट्यूबलाइटकडे धरलं तर आरपार उजेड दिसतो. सुटं असताना चिमटा जरा जोरात दाबला गेला तरी कट्‌ करून तुटतं. तेच दातावर चिकटलं की वर्षानुवर्षं चावायचं काम करतं, कारण मागून दात त्याला आधार देतो. ही सगळी ताकद चिकटण्यात आहे. १९३०च्या सुमारास हॉलिवूडमध्ये चार्ल्स पिंकस नावाचे दंतवैद्य नटनट्यांना शूटिंगपुरते असे पातळ दात लावून देत. ते कवळीच्या पावडरीने चिकटवलेले असत, शूटिंग संपलं की काढावे लागत. मग १९५५मध्ये मायकेल ब्युनोकोर यांनी दाताच्या इनॅमलला, म्हणजे बाहेरच्या कडक थराला, अ‍ॅसिडने सूक्ष्म खरखरीतपणा आणला तर रेझिन हे प्लास्टिकसारखं द्रव्य त्याला घट्ट धरतं हे दाखवलं. १९८०च्या दशकात पोर्सेलिनच्या आतल्या बाजूलाही तसंच अ‍ॅसिड लावायला लागले, आणि तेव्हा कुठे व्हिनिअर कायमचं बसू लागलं. पोर्सेलिन आधीपासून होतं, पण भरवशाचा सांधा नव्हता.

आधी कागद मागून घ्या

व्हिनिअर बसलं की पैसे देऊन आरशात बघत घरी येऊ नका. डॉक्टरांकडून या गोष्टी लिहून घ्या: कोणत्या दातांवर बसवलं, तारीख, मटेरियल, शेडचा नंबर, लॅबचं नाव, आणि व्हिनिअर बसवण्यासाठी डॉक्टरांनी दात घासून कमी केला तेव्हा इनॅमल किती शिल्लक राहिलं. या शेवटच्या प्रश्नाने डॉक्टर थोडे चकित होतील. पण व्हिनिअर चिकटवायचं सिमेंट इनॅमलला जितकं घट्ट धरतं तितकं आतल्या पिवळसर डेंटिनला धरत नाही. पुढे व्हिनिअर निघालं तर याच माहितीवरून कारण कळतं.

मटेरियलचाही फरक पडतो. फेल्डस्पॅथिक पोर्सेलिन दिसायला सगळ्यात जिवंत, पण नाजूक. लिथियम डायसिलिकेट, ज्याला क्लिनिकमध्ये सर्रास ई-मॅक्स म्हणतात, ते त्याच्या कितीतरी पट मजबूत. आणि ‘व्हिनिअर’ म्हणून कधीकधी कॉम्पोझिटही लावलेलं असतं. ते रेझिन असतं, एकाच बैठकीत थेट दातावर चढवतात, ते हळदीने आणि चहाने रंगतं आणि त्याचं आयुष्य कमी असतं. तुमच्या तोंडात कॉम्पोझिट असेल तर खाली लिहिलेलं बरंचसं लागू पडेल, पण डागांच्या बाबतीत जास्त काळजी घ्यावी लागेल. चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि कागद घरच्या फाइलमध्ये. क्लिनिक जागा बदलतात, डॉक्टर निवृत्त होतात. दहा वर्षांनी तुमच्याकडचा कागदच उपयोगी पडतो.

पहिले दोन आठवडे

भूल उतरेपर्यंत काही खाऊ नका, ओठ चावला जातो. पहिला दिवस मऊ खाणं बरं: वरणभात, खिचडी, उपमा. गार पाण्याने सणक येईल, ती काही दिवसांत कमी होते. जीभ सारखी नव्या दाताकडे जाईल, लाळ जरा जास्त सुटेल, ‘फ’ आणि ‘व’ म्हणताना वेगळं वाटेल. हे सगळं बसतं.

दोन गोष्टी मात्र ‘बसेल हळूहळू’ म्हणून सोडू नका. एक, तोंड मिटल्यावर एखादा दात आधी टेकतोय असं वाटणं. भूल असताना चावा नीट तपासता येत नाही, त्यामुळे असं होऊ शकतं, आणि पाच मिनिटांत घासून दुरुस्त होतं. तसंच राहिलं तर प्रत्येक घासाला त्या एकाच कडेवर मार बसत राहतो. दुसरी, एखाद्याच दाताजवळची हिरडी लाल राहणं किंवा फ्लॉस तिथे अडकून त्याचे धागे सुटणं. तिथे बहुतेक जादा सिमेंटचा बारीक खडा राहिलेला असतो. फोन करा, परत जा, काढून घ्या. संकोच करायचं काही कारण नाही.

रोजचं घासणं

मऊ ब्रश घ्या. मध्यमसुद्धा नको. हिरडीकडे थोडा तिरपा धरून छोट्या छोट्या फेऱ्यांनी घासा, म्हणजे ब्रशचे केस नेमके त्या कडेवर जातात. आपल्याकडे जोर लावून आडवं घासायची सवय पिढ्यांची आहे. जोरात घासलं की हिरडी मागे सरकते, आणि जी कड डॉक्टरांनी हिरडीशी लपवलेली असते ती उघडी पडते.

पेस्ट साधी, फ्लोराइडवाली, कमी खरखरीत. दात पांढरे करणाऱ्या पेस्ट, चारकोलच्या पेस्ट, खाण्याचा सोडा, लाल दंतमंजन, राखुंडी, मीठ-तुरटी या सगळ्यांनी ग्लेझवर बारीक ओरखडे पडतात. ओरखडे पडलेल्या पोर्सेलिनवर डाग धरायला लागतो, आणि मग माणूस अजून जोरात घासतो. मशेरीबद्दल वेगळं सांगते, कारण आपल्या घरांतल्या कितीतरी बायका अजून लावतात आणि डॉक्टरांना सांगत नाहीत. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. ती पूडही खरखरीत आणि तंबाखूमुळे हिरडीही बिघडते. व्हिनिअर बसवलेल्या तोंडात मशेरी गेली की कडेची रेघ तपकिरी पडायला वेळ लागत नाही. आणि तो डाग हा तिचा सगळ्यात लहान दोष आहे.

फ्लॉस करायला घाबरू नका. ‘फ्लॉसने व्हिनिअर निघेल’ ही भीती मी अनेकांकडून ऐकली आहे. नीट चिकटलेलं व्हिनिअर फ्लॉसने निघत नाही. मेण लावलेला फ्लॉस घ्या, दोन दातांमध्ये हलकेच पुढेमागे करत उतरवा, दाताच्या बाजूला टेकवून वरखाली करा. बाहेर काढताना वर खेचण्याऐवजी एक टोक सोडून बाजूने ओढून घ्या. दोन दातांमधली कड ब्रशला सापडतच नाही, त्यामुळे रात्रीचा हा एक मिनिट चुकवू नये.

माउथवॉश लागतच असेल तर अल्कोहोल नसलेला घ्या. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा माउथवॉश डॉक्टर हिरडीसाठी आठवडा-दोन आठवडे देतात, तेवढाच वापरा. महिनोन्‌महिने वापरला की दातावर आणि नेमका कडेवर तपकिरी थर चढतो. लोक घाबरून व्हिनिअर बदलायला निघतात आणि काम होतं ते फक्त एका पॉलिशने.

काय खायचं, आणि दाताने काय काय करायचं नाही

वडापाव खा, मिसळ खा, मोदक खा. पोर्सेलिन दाबाला दणकट असतं. ते हरतं ते वाकवण्यापुढे आणि उचकटण्यापुढे. पुढच्या दाताने एखादी कडक वस्तू धरून ओढली किंवा मुरगाळली की कडेशी ताण येतो आणि टवका उडतो. ही एक गोष्ट लक्षात ठेवली की यादी पाठ करायला लागत नाही. ऊस दाताने सोलायचा नाही. चौपाटीवरचा भाजलेला मका कणसावरून ओरबाडण्यापेक्षा दाणे सोडवून दाढेने खायचा. चिंबोरीची नांगी अडकित्त्याने फोडायची. मटणाची नळी, चिक्की, डिंकाचा कडक लाडू, खडीसाखर, गोळ्यातला बर्फ हे पुढच्या दातांनी फोडायचं नाही. पेरू आणि सफरचंद फोडी करून. सुपारी तर नकोच.

पण लॅबमध्ये आलेल्या तुकड्यांबद्दल डॉक्टरांना विचारते तेव्हा खाण्यापेक्षा सवयींची नावं जास्त निघतात. सकाळच्या लोकलमध्ये बघा. एका हाताने कडी धरलेली, दुसऱ्या हाताने केस गोळा केलेले, आणि आकडा दाताने उघडायचा. वेफर्सचं पाकीट दाताने फाडायचं, दोरा दाताने तोडायचा, सेफ्टी पिन दातात धरून साडीच्या निऱ्या घालायच्या, पेनचं टोपण चावत बसायचं. मी स्वतः आकडा दाताने उघडणं सोडलं ते या कामामुळे. पर्समध्ये एक छोटी कात्री ठेवा, खरंच फरक पडतो.

आंबटाने पोर्सेलिनला काही होत नाही, पण कडेपलीकडचा खरा दात मऊ पडतो. कैरी खाऊन दात आंबतात ते त्यामुळेच. सकाळी लिंबूपाणी घेत असाल तर त्यानंतर साध्या पाण्याने चूळ भरा आणि ब्रश अर्ध्या तासाने करा.

मैदानात सीझन बॉलने क्रिकेट खेळणाऱ्यांनी डॉक्टरांकडून मापाचा माउथगार्ड करून घ्यावा.

रात्री दात खाण्याची सवय

झोपेत दात खाणाऱ्याला स्वतःला ते कळत नाही, शेजारी झोपणाऱ्याला कळतं. घरच्यांना विचारा. सकाळी उठल्यावर जबडा आंबलेला असणं, कानशिलं दुखणं, दाढा सपाट झालेल्या असणं या त्याच्या खुणा. दिवसा चावताना दात क्षणभर एकमेकांना लागतात, रात्री मात्र तासन्‌तास दाबून घासले जातात. पोर्सेलिनसाठी यापेक्षा वाईट काही नाही.

उपाय म्हणजे डॉक्टरांनी माप घेऊन केलेला कडक नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर चढवायचं प्लास्टिकचं कवच. औषधाच्या दुकानात मिळणारे, गरम पाण्यात मऊ करून चावायचे गार्ड मी घेऊ देणार नाही. चावा नीट बसत नाही आणि काही लोक मऊ प्लास्टिक आणखीच चावत बसतात. गार्ड गार पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा. उकळतं पाणी घातलं तर वाकतो. व्हिनिअरचा खर्च केल्यावर गार्डचा खर्च टाळणारे पेशंट डॉक्टरांना भेटतात आणि त्यांचेच तुकडे मला भेटतात.

सहा महिन्यांनी क्लिनिंगला जाल तेव्हा

खुर्चीत बसल्याबरोबर सांगा: ‘मला व्हिनिअर आहेत, या या दातांवर.’ चांगलं काम असेल तर ओळखू येत नाहीत, म्हणून सांगायलाच हवं. विशेषतः नव्या क्लिनिकमध्ये. अल्ट्रासॉनिक स्केलरचं, म्हणजे दात साफ करायच्या थरथरणाऱ्या यंत्राचं, टोक कडेला लागलं तर टवका उडू शकतो, तिथे हाताच्या अवजाराने साफ करायला सांगा. सोड्याच्या पावडरीचा फवारा मारून डाग काढतात तो व्हिनिअरवर नको. खरखरीत पॉलिशिंग पेस्टही नको.

फ्लोराइडचं जेल लावणार असतील तर ते अ‍ॅसिडवालं आहे की न्यूट्रल, हे विचारा. कारण सांगते. व्हिनिअरची आतली बाजू चिकटण्यासाठी खरखरीत करायची असते तेव्हा हायड्रोफ्लुओरिक अ‍ॅसिड वापरतात. लिथियम डायसिलिकेटला वीस सेकंद पुरतात, चकचकीत पृष्ठभाग दुधी होतो. अ‍ॅसिडवालं फ्लोराइड जेल त्यापेक्षा खूप सौम्य, पण परत परत लावलं तर बाहेरच्या ग्लेझवर तोच परिणाम हळूहळू करतं. न्यूट्रल सोडियम फ्लोराइडने दाताला फायदा तोच आणि पोर्सेलिन शाबूत.

आणि ब्लीचिंग. पोर्सेलिन ब्लीच होत नाही. बाकीचे दात पांढरे करायचे असतील तर ते व्हिनिअरच्या आधी करायचं, आणि नंतर साधारण दोन आठवडे थांबायचं. ब्लीचिंगचा ऑक्सिजन दातात असेपर्यंत सिमेंट नीट धरत नाही. लग्नाची तारीख जवळ आली म्हणून ही दोन आठवड्यांची फट बुजवायला सांगणारे लोक असतात. डॉक्टर नाही म्हणाले तर ऐका.

महिन्यातून एकदा खिडकीशी उभं राहून

दिवसाच्या उजेडात, हातात आरसा घेऊन. दात रुमालाने कोरडे करा, ओल्या दातावर रेघ दिसत नाही. ओठ वर उचला आणि प्रत्येक व्हिनिअरची कड हिरडीशी आणि दोन्ही बाजूंनी बघा. मग अंगठ्याचं नख हिरडीकडून खाली हलकेच फिरवा. नख अडकलं तर ती जागा लक्षात ठेवा. मागच्या बाजूने जीभ फिरवा, धार लागते का बघा. दोन बोटांत धरून दात हलकेच दाबा, व्हिनिअर हलल्यासारखं वाटतं का, चावताना बारीक टक्‌ असा आवाज येतो का. शेवटी मोबाइलवर एक फोटो, दर वेळी त्याच खिडकीशी. मनाला वाटणारा फरक आणि खरोखर पडलेला फरक फोटोंवरूनच वेगळा करता येतो.

निघालंच तर

तीन वर्षांपूर्वी गणपतीत माझ्या ताईचं झालं. आरती झाली, खोबरं-खडीसाखर हातावर पडली, आणि तिने नेहमीसारखी पुढच्या दाताने खडीसाखर फोडली. वरच्या उजव्या पटाशीच्या दाताचं व्हिनिअर अख्खं निघून हातात आलं. गडबडीत तिने ते पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळून ताटाजवळ ठेवलं आणि आवरताना ते निर्माल्याच्या पिशवीत गेलं. मग पेपर पसरून आम्ही पिशवी उपसली. एक एक दूर्वा बाजूला केली तेव्हा ते सापडलं, शेवंतीच्या पाकळीला चिकटलेलं.

मी ते दिव्याखाली धरून पाहिलं. सिमेंटचा सगळा थर व्हिनिअरच्या आतल्या बाजूला होता आणि दात स्वच्छ कोरा होता, मध्यभागी पिवळसर. म्हणजे सिमेंटने पोर्सेलिनला नीट धरलं होतं, सुटलं ते दाताकडून, कारण तिथे घासताना इनॅमल संपून डेंटिन लागलं होतं. उलट सिमेंट दातावर राहिलं आणि व्हिनिअर आतून स्वच्छ निघालं, तर पोर्सेलिनच्या तयारीत कसूर राहिलेली असते. डॉक्टर हे बघतातच, पण तुम्हीही बघून फोटो काढा. ताईचं व्हिनिअर अखंड होतं, कडा शाबूत होत्या. डॉक्टरांनी दोन्ही बाजू साफ करून तेच परत चिकटवलं आणि आजही ते जागेवर आहे. नॅपकिन कचऱ्यात गेला असता तर नवं करावं लागलं असतं.

म्हणून: तुकडा, मग तो केवढाही असो, झाकणाच्या छोट्या डबीत ठेवा. घासू नका, आतून खरवडू नका. फेविक्विक किंवा कुठलाही घरगुती गोंद लावू नका. ते एक तर वेडंवाकडं बसतं, आणि नंतर तो गोंद काढताना आतला पृष्ठभाग खराब होतो. तोंडासाठी तो नाहीच. उघड्या दाताला गार-गरम सोसणार नाही, त्या बाजूने चावू नका, पण ब्रश चालू ठेवा. दोन-चार दिवसांत डॉक्टर गाठा. गावी किंवा प्रवासात असाल तर तिथल्या कुणाला पक्कं चिकटवायला सांगण्याऐवजी तात्पुरतं सांभाळून परत या. व्हिनिअर गिळलं गेलं तर ते बहुधा पोटातून निघून जातं. पण ठसका लागला, खोकला थांबत नसेल किंवा श्वास घेताना त्रास होत असेल तर लगेच हॉस्पिटल.

बदलायचं कधी

व्हिनिअरला एक्सपायरी डेट नसते. दहा ते पंधरा वर्षं हा आकडा तुम्हाला सगळीकडे सांगितला जाईल आणि तो ढोबळमानाने बरोबर आहे. पण अठरा वर्षं झालेलं, कड घट्ट असलेलं व्हिनिअर केवळ वय झालं म्हणून काढू नये, आणि चार वर्षांचं, आतून किडलेलं ठेवू नये. दर वेळी जुनं व्हिनिअर काढताना ते घासूनच काढावं लागतं, तशाच्या तसं उचलून निघत नाही, आणि त्यात थोडा तरी खरा दात जातो. दोनदा-तीनदा बदललं की पुढे व्हिनिअर बसवायला इनॅमल उरत नाही आणि पूर्ण कॅप करावी लागते. तेव्हा ‘आता बदलून टाकू’ असं कुणी म्हटलं तर का, हे विचारा.

कडेचा लहान टवका बहुतेकदा गुळगुळीत करून किंवा थोडं कॉम्पोझिट लावून भागतो. पृष्ठभागावरचा डाग पॉलिशने जातो. बारीक केसासारखी रेघ, जी नखाला लागत नाही आणि दुखत नाही, तिच्यावर लक्ष ठेवायचं. वयाने हिरडी थोडी खाली-वर झाली आणि कड दिसायला लागली, पण घट्ट आहे, तर तो दिसण्याचा प्रश्न आहे, घाई नाही.

खरी काळजी करायची ती अशी: कडेची तपकिरी रेघ पॉलिश करूनही जात नाही आणि डॉक्टरांचं टोकदार अवजार तिथे अडकतं. फ्लॉस एकाच जागी फाटतो. बाकी हिरड्या ठीक असताना एकाच दाताजवळ रक्त येतं. गोड किंवा गार एकाच दाताला झोंबतं. चावताना हलतं. यातलं काहीही असेल तर सांधा सुटलाय आणि आत काहीतरी चाललंय असं धरा, एक्स-रे काढून घ्या, महिना महिना थांबू नका. ठणका, सूज किंवा पू असेल तर त्याच दिवशी जा.

एक प्रकार लोकांना हमखास चकवतो. व्हिनिअर शाबूत, कड घट्ट, आणि तरी तो एक दात हळूहळू करडा दिसायला लागतो. लोक म्हणतात पोर्सेलिन काळं पडलं. पोर्सेलिन तसंच असतं, मागचा दात काळवंडलेला असतो आणि पातळ व्हिनिअरमधून ते दिसतं. कधीतरी मार लागून आतली नस मेलेली असते. अशा वेळी आधी दाताची तपासणी, लागलं तर रूट कॅनल, आणि मगच व्हिनिअरचा विचार. नुसतं नवं व्हिनिअर चढवलं तर काही काळाने तेही करडं दिसेल.

दुसरं मत आणि पैसे

एका दाताचा खर्चच हजारोंत जातो, आणि आरोग्य विम्याच्या बहुतेक पॉलिसीत दिसण्यासाठी केलेलं दाताचं काम बसत नाही. तेव्हा सहा-आठ दात एकदम बदलायला सांगितलं तर दुसरं मत घ्या. मुंबईत त्यासाठी दोन सरकारी-महापालिकेची ठिकाणं आहेत: मुंबई सेंट्रलचं नायर रुग्णालय दंत महाविद्यालय, जे १९३३पासून आहे, आणि सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेसच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय. सकाळी लवकर केसपेपर काढा, रांग असते. कृत्रिम दंतशास्त्र म्हणजे प्रोस्थोडॉन्टिक्स विभागात दाखवा. बाहेर डॉक्टर निवडताना त्यांची नोंदणी बघा. कायद्याप्रमाणे राज्य दंत परिषदेकडे नोंद असल्याशिवाय कुणालाही हे काम करता येत नाही. सलूनमध्ये, पार्लरमध्ये ‘स्माइल’ लावून देणाऱ्यांकडे दात देऊ नका.

बदलायला बसाल तेव्हा

आता माझ्या बाजूचं. एकच पुढचा दात शेजारच्याशी जुळवणं हे आमच्या कामातलं सगळ्यात अवघड काम आहे, सहा दात एकदम करण्यापेक्षा अवघड. जुना कागद आणि शेडचा नंबर घेऊन जा. शेड खुर्चीत बसल्याबसल्या घ्यायला सांगा. तोंड उघडं राहून दात कोरडे पडले की ते पांढरे दिसतात, आणि अर्ध्या तासाने घेतलेली शेड फसते. दुपारच्या उजेडातली वेळ मागा, भडक लिपस्टिक लावू नका, गडद रंगाचा कपडा घालू नका. शक्य असेल तर टेक्निशियनला दात प्रत्यक्ष दाखवायची विनंती करा. आम्हाला ते हवंच असतं. फोटोत दाताचा रंग येतो, पण टोकाशी असलेला निळसर पारदर्शकपणा आणि बारीक पांढरे ठिपके डोळ्यांनीच नीट कळतात.

अगदी पांढरीशुभ्र शेड मागण्याआधी एकदा ओठ, हिरडी आणि खालच्या दातांबरोबर बघा. पुढची दहा-पंधरा वर्षं ती शेड बदलणार नाही, बाकीचे दात मात्र वयाप्रमाणे पिवळसर होत जातील.

नवं व्हिनिअर पक्कं करण्याआधी डॉक्टर ते पाण्याने किंवा ट्राय-इन पेस्टने नुसतं टेकवून दाखवतात. हा क्षण घाईने घालवू नका. खुर्चीतून उठा, खिडकीशी जा, आरशात बघा, हसा, बोला, घरचं कुणी बरोबर असेल तर त्यांना दाखवा. काही खटकत असेल तर आत्ता बोला. परत लॅबला पाठवलं तर आम्हाला एक-दोन दिवस जास्त लागतील, त्याचं वाईट वाटून घेत नाही. एकदा सिमेंट कडक करणारा लाइट त्याच्यावर पडला की मग व्हिनिअर घासूनच निघतं.

पक्कं झाल्यावर नवी तारीख जुन्या कागदाखाली लिहा, दोन आठवड्यांनंतरची तपासणीची वेळ तिथेच ठरवून घ्या, आणि नाइट गार्ड असेल तर नवा करावा लागेल का हे विचारा. नव्या दातांवर जुना गार्ड नीट बसत नाही.